मासा मेला नाही, म्हणून पाणी चांगलं?

(व्याख्यानमालेतील तिसऱ्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



माझ्या विषयाचं नाव फलकावर वाचून एका जुन्या विद्यार्थ्यानं विचारलं, "सर, मत्स्यावतारावर बोलणार का?" नाही. आज अगदी साध्या माशाबद्दल बोलायचं आहे. कारखान्यातलं एखादं रसायन पाण्यात उतरलं, तर गोड्या पाण्यातला मासा चार दिवसांत मरतो का, आणि मरत असेल तर किती मात्रेला, हे ठरवतात कसं? आणि ते ठरवल्यावर आपल्याला नेमकं काय कळलेलं असतं? पहिला प्रश्न विज्ञानाचा आहे. दुसरा माझ्या शास्त्राचा, म्हणून मी इथे उभा आहे.

या विषयाकडे मी वळलो ते एका बैठकीमुळे. बरीच वर्षं झाली त्याला. आमच्या भागात नदीत मासे मरून वर आले होते. तालुक्याच्या गावी बैठक बोलावली. भोई समाजातले एक वयस्कर गृहस्थ मेलेल्या माशांची बादलीच घेऊन आले आणि टेबलाशेजारी ठेवली. समोर कारखान्याच्या बाजूचे एक गृहस्थ होते, त्यांच्या हातात प्रयोगशाळेचा अहवाल. अहवालात लिहिलं होतं: सांडपाण्यात दहा मासे सोडले, शहाण्णव तासांनंतर दहाच्या दहा जिवंत. ते म्हातारबुवा एवढंच म्हणाले, "साहेब, तुमचे मासे कागदावर जगले, आमचे नदीत मेले." मग जो गोंधळ व्हायचा तो झाला. एक बाजू म्हणे अहवाल खोटा, दुसरी म्हणे बादली दुसरीकडून आणली.

मी घरी आलो, पण डोक्यातून ते जाईना. परस्परविरोधी दोन विधानं एकाच वेळी खरी असू शकत नाहीत, हे मी तीस वर्षं फळ्यावर लिहीत आलो होतो. पण ही दोन विधानं परस्परविरोधी होती का? हे तपासायचं तर चाचणी काय असते ते आधी समजून घ्यायला हवं होतं. रसायनशास्त्र आणि प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या मित्रांकडे बसून मी ते शिकलो. आज तेच तुमच्यापुढे मांडतो.

चाचणी होते कशी

जगभर जी पद्धत प्रमाण मानतात ती ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची चाचणी क्रमांक २०३. ती पहिल्यांदा १९८१ साली स्वीकारली गेली, १९९२ मध्ये सुधारली, आणि अलीकडची मोठी सुधारणा २०१९ ची. तिचा गाभा इतका साधा आहे की शाळकरी मुलालाही सांगता येईल.

एकाच जातीचे, साधारण एकाच आकाराचे निरोगी मासे घ्यायचे. ते आणल्या-आणल्या टाकीत सोडायचे नाहीत. त्यांना त्या पाण्याची, तिथल्या उजेडाची, तापमानाची सवय व्हायला आठवडाभराहून अधिक वेळ द्यायचा. या काळात सात दिवसांत दहा टक्क्यांहून जास्त मासे दगावले, तर ती सगळी तुकडीच बाद. मुळात आजारी माशांवर विषाची परीक्षा घेण्यात अर्थ नाही.

मग निदान पाच टाक्यांमध्ये रसायनाची चढती मात्रा ठेवायची. एका टाकीतून दुसऱ्या टाकीत जाताना मात्रा सव्वादोन पटीपेक्षा थोडी कमीच वाढवायची, नियमात २.२ पट ही मर्यादा आहे. प्रत्येक टाकीत किमान सात मासे. आणि एक टाकी अशी की तिच्यात रसायन अजिबात नाही. ही नियंत्रण टाकी. माझ्या मते सगळ्या चाचणीचा आत्मा हीच टाकी. तिच्यातले मासे दहा टक्क्यांहून जास्त मेले तर चाचणी रद्द. कारण मग मृत्यूचा आळ रसायनावर घेता येत नाही.

मासे सोडायच्या आधी चोवीस तास त्यांचं खाणं बंद करतात आणि चाचणी संपेपर्यंत देत नाहीत. पाण्यातला विरघळलेला प्राणवायू संपृक्ततेच्या साठ टक्क्यांखाली जाऊ द्यायचा नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो फार कामाचा आहे. मग २४, ४८, ७२ आणि ९६ तासांनी मोजणी. सोमवारी सकाळी सुरुवात केली की शुक्रवारी सकाळी निकाल.

मेला म्हणजे काय, याचीही व्याख्या आहे. कल्ल्यांची हालचाल दिसत नाही आणि शेपटीच्या मुळाशी स्पर्श केला तरी प्रतिसाद नाही, तो मेला. मी आयुष्यभर मृत्यूच्या व्याख्यांवर निबंध तपासले, पण इतकी स्वच्छ व्याख्या कुणी लिहून दिली नाही!

अजून एक गोष्ट. बाटलीतून मोजून किती रसायन टाकलं, एवढ्यावर भागत नाही. काही रसायनं हवेत उडून जातात, काही काचेला चिकटतात, काहींचं पाण्यात विघटन होतं. म्हणून टाकीतल्या पाण्यात प्रत्यक्ष किती आहे, हे चाचणी चालू असताना मोजावं लागतं. दहा मिलिग्रॅम टाकलं आणि दुसऱ्या दिवशी दोनच उरलं, तर "दहालाही मासा जगला" हे विधान फसवं होतं. मासा दहामध्ये राहिलेलाच नाही. अशा रसायनांसाठी पाणी ठरावीक वेळानं बदलतात किंवा सतत वाहतं ठेवतात.

अर्धे मासे आणि एक आकडा

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. रसायनाला "क्ष" म्हणू. पाच टाक्या, प्रत्येकीत दहा मासे. मात्रा दर लिटरला १, २, ४, ८ आणि १६ मिलिग्रॅम. शहाण्णव तासांनंतर मेलेले मासे अनुक्रमे ०, १, ४, ९ आणि १०. नियंत्रण टाकीत एकही नाही.

चार मिलिग्रॅमला चाळीस टक्के मेले, आठला नव्वद टक्के. म्हणजे बरोबर अर्धे मारणारी मात्रा या दोहोंच्या मधे, चारच्या जवळ पडते. हिशेब केला तर ती सुमारे साडेचार येते. हाच तो प्रसिद्ध आकडा, एलसी-५०. अर्धे मासे ज्या संहतीला मरतात ती संहती. हा आकडा जितका लहान, तितकं रसायन अधिक विषारी. इथे नवख्या माणसाचा हमखास गोंधळ होतो. रसायनांच्या वर्गीकरणाची जी जागतिक पद्धत आहे, तिच्यात हा आकडा १ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी असेल तर पहिली, सर्वांत घातक श्रेणी. १० पर्यंत दुसरी. १०० पर्यंत तिसरी. आपलं क्ष दुसऱ्या श्रेणीत बसलं.

पण अर्धेच का? नव्वद का नाही, किंवा पहिला मासा मरतो ती मात्रा का नाही? मला हा प्रश्न पहिल्याच दिवशी पडला. याचं उत्तर १९२७ सालात आहे. ट्रेव्हन नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञानं औषधांची तीव्रता मोजण्यासाठी अर्ध्या प्राण्यांना मारणाऱ्या मात्रेची कल्पना मांडली. डिजिटॅलिससारख्या औषधाचा हा घाणा आणि तो घाणा सारख्याच ताकदीचा आहे का, हे त्याला ठरवायचं होतं. सगळ्यांत नाजूक प्राणी आणि सगळ्यांत चिवट प्राणी यांच्यावर भरवसा ठेवता येत नाही, ते दर खेपेला बदलतात. मधला मात्र बऱ्यापैकी स्थिर राहतो. म्हणून पन्नास.

इथे जरा थांबा, कारण इथेच पहिली गल्लत होते. पन्नास हा आकडा निवडला तो मोजायला सोपा आणि खात्रीचा म्हणून. तो दोन रसायनांची तुलना करायचं माप आहे. "साडेचारच्या खाली ठीक" असं तो मुळीच सांगत नाही. साडेचारला निम्मे मासे मेलेले असतात हो! म्हणूनच युरोपातल्या रसायन कायद्याच्या पद्धतीत, हाताशी फक्त अल्पकालीन चाचण्या असतील, तर शेवाळ, पाणपिसू आणि मासा या तिघांच्या आकड्यांतला सर्वांत लहान घेतात आणि त्याला हजारानं भागतात. क्षचा माशाचा आकडाच सर्वांत लहान असेल, तर नदीसाठी हिशेबाची मात्रा साडेचार मिलिग्रॅमवरून साडेचार मायक्रोग्रॅमवर येते. हे हजार कुठून आले? ते आपल्या अज्ञानाचं माप आहे. दुसऱ्या जाती, पिल्लं, महिनोन्‌महिने अल्प मात्रेत राहणं, हे काहीच आपण पाहिलेलं नाही, याची ती प्रामाणिक कबुली.

दहातल्या दहाचा अर्थ

आपल्याकडे सांडपाण्यासाठी वेगळी, अधिक सरळ कसोटी आहे. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ च्या सहाव्या अनुसूचीत ती दिली आहे. शंभर टक्के सांडपाण्यात, म्हणजे त्यात चांगलं पाणी न मिसळता, ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत हवेत. बैठकीतला अहवाल याच कसोटीचा होता.

कसोटी कडक वाटते, आणि एका अर्थानं आहेच. पण दहा माशांच्या टाकीत ती काय सांगू शकते ते पाहू. समजा एक सांडपाणी असं आहे की त्यात शंभरातले वीस मासे मरतात. ते नापास व्हायला हवं. पण आपण दहाच मासे सोडले, तर एकही न मरण्याची शक्यता शंभरात जवळजवळ अकरा आहे. आणि एक मेला तरी नव्वद टक्के जिवंतच, म्हणजे पास. दोन्ही धरून हे पाणी शंभरातल्या सदतीस-अडतीस वेळा पास होईल. उलट बाजूही सांगतो, नाहीतर कारखानदार मंडळी म्हणतील सर एकतर्फी बोलतात. ज्या पाण्यात बरोबर दहा टक्के मासे मरतात, म्हणजे जे नियमाच्या काठावर पण आत आहे, ते शंभरातल्या सव्वीस वेळा नापास होईल.

यात कुणाची लबाडी नाही. लहान संख्येचा हा स्वभाव आहे. म्हणून एका अहवालावर ना पदक द्यावं, ना फाशी. वेगवेगळ्या दिवशी, न सांगता घेतलेल्या नमुन्यांचे पाच-सहा अहवाल एकापुढे एक ठेवले की मग चित्र दिसू लागतं.

ओल्या सरपणाची गोष्ट

आता माझ्या शास्त्राकडे येतो. आपल्या नैयायिकांचं आवडतं उदाहरण तुम्हाला माहीत आहे. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. हे अनुमान बरोबर. पण उलटं करून पाहा: जिथे अग्नी तिथे धूर. हे चूक. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. मग चुलीत धूर का दिसतो? कारण सरपण ओलं आहे. अग्नी आणि धूर यांच्या मधे ओलं सरपण ही लपलेली अट आहे. तिला नैयायिक "उपाधी" म्हणतात. उपाधी लक्षात न घेता केलेला नियम सदोष.

"टाकीत मासा मेला नाही, म्हणून पाणी चांगलं" या अनुमानात अशा किती उपाध्या आहेत? मला निदान तीन दिसतात.

पहिली, पाण्याचा स्वभाव. अमोनियाचं उदाहरण घ्या. खतांपासून शीतगृहांपर्यंत सगळीकडे वापरलं जाणारं रसायन. पाण्यात ते दोन रूपांत असतं. त्यातलं मुक्त अमोनियाचं रूप माशाला फार घातक, दुसरं अमोनियमचं रूप त्या मानानं बरंच सौम्य. कोणतं किती, हे मुख्यतः पाण्याच्या सामूवर आणि तापमानावर ठरतं. २५ अंश सेल्सिअसला सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी घातक रूप साधारण अर्धा टक्का. सामू ८ झाला की पाच टक्क्यांच्या वर. ९ झाला की एक तृतीयांशाहून जास्त. रसायन तेवढंच, बाटली तीच, पण पाणी बदललं की विष दहापट. आणि नदीचा सामू दिवसभर एक राहतो का? शेवाळ माजलेल्या डोहात भर दुपारी शेवाळ कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि सामू चढतो. म्हणजे सकाळी नमुना घेतला तर एक उत्तर, दुपारी मासे मरत असले तर दुसरंच.

दुसरी उपाधी, प्राणवायू. आता तो मघाचा मुद्दा आठवा. चाचणीत प्राणवायू खाली जाऊ देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. आपल्याला रसायनाचं विष मोजायचं आहे, गुदमरणं नाही. पण काही सांडपाणी मारतं ते गुदमरवूनच. मळीसारखा सेंद्रिय माल पाण्यात गेला की जिवाणू त्याच्यावर तुटून पडतात आणि पाण्यातला प्राणवायू संपवतात. त्यात उन्हाळा. २० अंशाला एका लिटर पाण्यात जास्तीत जास्त नऊ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, ३० अंशाला साडेसातच्या आसपास. प्रवाह थांबलेला. पहाटे तर प्राणवायू तळाला जातो, कारण रात्रभर शेवाळही श्वासच घेत असतं. हेच पाणी प्रयोगशाळेत नेलं, त्यात हवेचे बुडबुडे सोडले, की मासे मजेत. मरळीसारखा हवेतून श्वास घेणारा मासा तर नदीतही तगून राहील आणि बाकीचे उलटे होतील.

तिसरी उपाधी, माशाची जात. कुठला मासा? जगभरच्या प्रयोगशाळांचा लाडका झेब्रा मासा मूळचा आपल्याच देशाकडचा. गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवर फ्रान्सिस हॅमिल्टननं १८२२ साली ग्रंथ लिहिला, त्यात त्याचं वर्णन आहे. छोटा, काटक, टाकीत सुखानं राहणारा. डास खाण्यासाठी आपण हौदात सोडतो तो गप्पी मासाही या चाचण्यांत वापरला गेला आहे. जो मासा प्रयोगशाळेत टिकतो तोच प्रयोगासाठी निवडला जातो, हे ओघानंच आलं. पण नदी म्हणजे काही टिकाऊ माशांचंच गाव नव्हे.

सिअ‍ॅटलचे ओढे

या तिसऱ्या उपाधीनं काय होऊ शकतं, याची एक खरी हकीकत सांगतो. अमेरिकेच्या वायव्य टोकाला वॉशिंग्टन राज्य आहे, तिथे सिअ‍ॅटल शहर. तिथे कोहो नावाचा सॅमन मासा समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला गोड्या पाण्याच्या ओढ्यांत परत येतो. १९९० च्या दशकापासून लोकांच्या ध्यानात येऊ लागलं की शहरातल्या ओढ्यांत पाऊस पडला की परतलेले कोहो तोंड वासून पृष्ठभागावर गोल गोल फिरतात, तोल जातो, आणि काही तासांत मरतात. माद्यांच्या पोटात अंडी तशीच. काही ओढ्यांत परतलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त मासे असे जात.

नेहमीचे संशयित तपासले. कीटकनाशकं, जड धातू, तेल. कशानेच उलगडा होईना. शेवटी टायरच्या झिजेतून पाण्यात उतरणाऱ्या अर्काकडे लक्ष गेलं. त्या अर्कात दोन हजारांहून जास्त पदार्थ. ते टप्प्याटप्प्यानं वेगळे करायचे, प्रत्येक वाट्यात कोहोची पिल्लं सोडायची, ज्यात मरतील तो वाटा पुन्हा फोडायचा. अखेरीस एक पदार्थ उरला. डिसेंबर २०२० मध्ये हे संशोधन "सायन्स" नियतकालिकात आलं.

पदार्थ कुठला? ६पीपीडी हे रसायन टायरला भेगा पडू नयेत म्हणून रबरात घालतात. हवेतल्या ओझोनशी ते आधी स्वतः लढतं आणि रबराला वाचवतं. त्या लढाईतून जे नवं संयुग तयार होतं ते ६पीपीडी-क्विनोन, आणि मारेकरी ते होतं. कारखान्यातून जे बाहेर पडतं ते हे नव्हेच. ते रस्त्यावर जन्माला येतं. बाटलीवरच्या रसायनाचीच चाचणी करत बसणाऱ्याला हे कधीच सापडलं नसतं.

आता आकडे ऐका. कोहोच्या पिल्लांसाठी अर्धे मारणारी संहती सुधारित मोजणीत दर लिटरला ९५ नॅनोग्रॅम आली. म्हणजे पंचवीस लाख लिटरच्या ऑलिंपिक तलावात पाव ग्रॅमसुद्धा नाही. मिठाची एक बारीक चिमूट. रेनबो ट्राउटला साधारण दहापट जास्त लागतं. आणि कोहोचा सख्खा भाऊबंद म्हणावा असा चम सॅमन त्याच पाण्यात जगतो. झेब्रा मासा आणि जपानी मेडाका? जपानमध्ये तपासलं, तेव्हा कोहोच्या शेकडोपट मात्रेतही ते मेले नाहीत.

विचार करा. टाकीत फक्त झेब्रा मासा असता तर अहवाल काय आला असता? "दहापैकी दहा जिवंत." अहवाल शंभर टक्के खरा, आणि ओढ्यातला कोहो शंभर टक्के मेलेला.

या मागे माणसंही आहेत. त्या किनाऱ्यावरच्या आदिवासी जमातींचं जगणं सॅमनवर उभं आहे. त्यांच्यापैकी तीन जमातींनी, युरोक, पोर्ट गँबल स्क्लॅलम आणि प्युअ‍ॅलप यांनी, टायरमधल्या ६पीपीडीवर नियम करा अशी मागणी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेकडे केली. २०२३ च्या नोव्हेंबरात ती विचारार्थ मान्य झाली. २०२४ मध्ये त्या संस्थेनं पाण्यातल्या क्विनोनसाठी अल्पकालीन धोक्याची जी तपासणी-पातळी जाहीर केली, ती लिटरला अवघी ११ नॅनोग्रॅम.

बादली आणि अहवाल

तर पुन्हा आमच्या बैठकीत जाऊ. अहवाल म्हणत होता: अमुक दिवशी घेतलेल्या नमुन्यात, अमुक जातीचे दहा मासे, भरपूर प्राणवायूत, चार दिवस जगले. बादली म्हणत होती: नदीत मासे मेले. या दोन विधानांत विरोध नाही. दोन्ही खरी असू शकतात. विरोध निर्माण झाला तो अहवालातून "म्हणून नदी सुरक्षित आहे" हे तिसरं, न लिहिलेलं विधान ओढून काढलं तेव्हा. त्या दिवशी नदीत नेमकं काय झालं ते मला आजही ठाऊक नाही, आणि मी कुणावर ठपका ठेवत नाही. पण पुरावा म्हणून बादलीची किंमत अहवालाहून कमी नव्हती, एवढं मी खात्रीनं सांगतो. सिअ‍ॅटलला शोध सुरू झाला तो ओढ्याकाठच्या मेलेल्या माशांपासूनच.

म्हणून असा अहवाल तुमच्या हाती पडला तर सहा गोष्टी विचारा. मासा कुठला आणि केवढा? नमुना कुठून, कोणत्या वेळी घेतला? रसायनाची मात्रा प्रत्यक्ष मोजली की नुसती टाकली? सामू, तापमान, प्राणवायू किती होता, आणि नदीत किती असतो? नियंत्रण टाकीत काय झालं? आणि किती मासे, किती वेळा? हे प्रश्न विचारायला विज्ञानाची पदवी लागत नाही. आणि चांगल्या अहवालात यांची उत्तरं असतातच. ती नसतील तर तेही एक उत्तर झालं.

श्रोत्यांचे प्रश्न

*सर, चाचणी इतकी अपुरी असेल तर ती हवीच कशाला?*

ताई, तराजूनं दुधातलं पाणी कळत नाही, म्हणून तराजू फेकत नाही आपण. ही चाचणी नसती तर पहिल्या श्रेणीची घातक रसायनं बिनदिक्कत ओढ्यात गेली असती. "मासे मेले" हा निकाल फार भक्कम असतो. त्यावर लगेच हालचाल करावी. "मेले नाहीत" हा निकाल मात्र कच्चा असतो, तो पुढच्या प्रश्नाची सुरुवात समजावी. दोन्ही निकालांना सारखं वजन देणं ही चूक.

*आणि चाचणीसाठी मारलेल्या माशांचं काय?*

हा प्रश्न कुणी विचारावा अशी माझी इच्छा होती. पाच टाक्या आणि एक नियंत्रण टाकी, प्रत्येकीत सात, म्हणजे एका रसायनापाठी निदान बेचाळीस मासे, आणि रसायनं हजारो. नदीतले मासे वाचवायला टाकीतले मारायचे, हा पेच खराच आहे. पर्याय येत आहेत. झेब्रा माशाच्या अंड्यातल्या गर्भावर करायची चाचणी ओईसीडीनं २०१३ मध्ये स्वीकारली, ट्राउटच्या कल्ल्यांच्या पेशींवर करायची २०२१ मध्ये. २०१९ च्या सुधारणेत मरणापूर्वीची यातनेची लक्षणं नोंदवण्यावर भर आहे, म्हणजे उद्या मृत्यूची वाट न पाहता चाचणी थांबवता येईल. पण माझं म्हणणं एवढंच की जो मासा आपण मारला, त्याच्या मरणातून मिळालेलं उत्तर तरी नीट वाचावं. त्याला जे ठाऊक नव्हतं, ते त्याच्या तोंडी घालू नये.

इथे थांबतो. पुढच्या वेळी येताना आपापल्या नदीकाठावर एकदा चक्कर मारून या.